हातातला चकवा

पावसाची पहिली सर सह्याद्रीवर कोसळली, की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून गडकोटांच्या वाटेस लागतात. शनिवारच्या रात्री शहरातून सुटणाऱ्या गाड्या, पहाटे मावळातल्या नाहीतर अकोले तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात उतरणारे जथे आणि उजाडताच डोंगराच्या सोंडेवर लागलेली माणसांची रांग हे दृश्य आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आता अंगवळणी पडले आहे. याचा आम्हांस विषाद नाही. उलट समाधानच आहे. ज्या वर्गाचे पाय दोन पिढ्यांमागे कचेरी आणि घर यांपलीकडे जात नव्हते, त्याच्या मुलामुलींस डोंगराची ओढ लागावी हे शुभलक्षणच होय. आमची तक्रार निराळी आहे. हे सहस्रावधी पाय डोंगरावर चढतात, डोकी मात्र पायथ्याशीच राहतात. चालणारा चालत असतो. परंतु आपण या घटकेस कोठे आहो, उत्तर कोणीकडे, डावीकडची धार कोठे उतरते, आलो ती वाट बंद झाल्यास दुसरी उतरण कोणती, या साध्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात. ती पुढे चालणाऱ्याच्या पाठीवर, कातळावर रंगविलेल्या बाणावर किंवा फोनच्या काचेवरील निळ्या ठिपक्यावर सोपविलेली असतात. स्वतःस वाट ओळखता येत नसता रानात शिरणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणे होय. वर काय लिहिले जाईल, ते सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती!

आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात चकव्याची गोष्ट असे. रात्री रानातून जाणाऱ्यास चकवा लागला, की तो पहाटेपर्यंत चालचालून थकावा आणि उजाडल्यावर पाहतो तो निघाला त्याच बांधावर उभा! यातील भुताचा भाग सोडून दिला, तरी अनुभव खोटा नव्हे. २००९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांस तिकडील एका मोठ्या अरण्यात व ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालावयास सांगून त्यांचा माग नोंदविला. सूर्य अथवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ गेली. तो दिसेनासा होताच त्यांची पावले वळू लागली. ढगाळ दिवशी अरण्यात चालणारे तर आपलीच वाट आपण छेदीत वर्तुळे काढू लागले, आणि त्यांस त्याची दादही नव्हती. म्हणजे चकवा रानात नसतो. तो माणसाच्या अंगीच असतो. बाहेरची खूण नाहीशी झाली, की तो जागा होतो. हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते, म्हणून ते चकव्यास भीत आणि खुणा ओळखून चालत. आजच्या तरुणाचा चकवा त्याच्या तळहातावर बसला आहे. आणि तोच आपला वाटाड्या, असे समजून हा निर्धास्त चालतो, हा त्यातला खरा धोका होय.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हेत, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश घेऊन मुठीत मावणाऱ्या यंत्राने आपले स्थान सांगावे, हा मानवी बुद्धीचा मोठा पराक्रम आहे. अमेरिकेने सामान्य जनांकरिता या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकिली. तेव्हापासून उघड्या आभाळाखाली हे यंत्र काही मीटरांच्या आत आपले ठिकाण दाखविते, आणि त्यास मोबाइलचे जाळेही लागत नाही. याने कित्येकांचे प्राण वाचले आहेत. परंतु यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विवेक वापरणाऱ्याने करावयाचा असतो; तो यंत्र करीत नाही. उंच कड्याच्या कुशीत किंवा अरुंद नाळेत अर्धे आभाळ झाकलेले असते, कातळावरून संदेश परावर्तित होतात, आणि ठिपका खऱ्या स्थानापासून कितीतरी दूर सरकतो. मैदानात या चुकीने फार तर शेजारच्या शेतात जाल. कड्याच्या काठी तेवढेच अंतर मरणाचे ठरते.

आता ज्या नकाशावर हा ठिपका नाचतो, त्याकडे पाहू. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर आहे. त्यामुळे त्याचा उतार एकसारखा नसून पायऱ्यापायऱ्यांचा आहे: एक कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. फोनवरील पुष्कळशा नकाशांतील उंचीच्या रेषा २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून अकरा दिवस केलेल्या रडारच्या मोजणीवरून काढलेल्या असतात, आणि ती मोजणी सुमारे तीस-तीस मीटरांच्या चौकोनांची आहे. तेवढ्या चौकोनात दहा-पंधरा मीटरांची उभी भिंत सपाट होऊन तिचा नुसता उतार बनतो. कागदी नकाशाही येथे सर्वस्वी निर्दोष नाही; वीस-वीस मीटरांवर रेषा काढलेल्या असल्या, तर दोन रेषांच्या मधोमध पंधरा मीटरांचा कडा बेमालूम लपू शकतो. यास्तव नकाशा कोणताही असो, तो वाचणाऱ्यास डोंगराची घडण ठाऊक असावी लागते. ती ठाऊक नसलेल्यास ठिपका सांगतो, 'गाव येथून आठशे मीटर.' गाव खरोखरच आठशे मीटरांवर असते. मात्र तेवढ्या अंतरात पाचशे मीटरांची उतरण असते, हे ठिपका सांगत नाही!

२०२२ च्या उन्हाळ्यात लोणावळ्याजवळच्या रानात वाट चुकलेल्या एका तरुणाने घरी फोन करून आपण चुकलो आहो असे कळविले होते. फोन लागला, वाट लागली नाही. काही दिवसांनी त्याचा देह दरीत सापडला. त्या दुर्दैवी जीवास दोष देण्याचा आमचा हेतू नाही, तो अधिकारही आम्हांस नाही. परंतु 'फोन जवळ आहे, मग भय कसले?' या समजुतीचे मोल काय पडते, ते अशा प्रसंगी दिसते. याच डोंगरात १६६१ साली शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरावयास निघाला, आणि शिवाजीमहाराजांनी थोड्या सैन्यानिशी त्यास उंबरखिंडीच्या दाट अरण्यात कोंडून शरण आणिले. खानापाशी माणसे होती, शस्त्रे होती. नव्हते ते भूमीचे ज्ञान. ज्या डोंगराने अशी फौज अडविली, तो एकट्यादुकट्या पांथस्थाची भीड ठेवील, असे मानण्यास आधार काय?

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा, की आमच्यासंगे संस्थेचा नेता असतो. वाट शोधणे त्याचे काम. ठीक आहे. परंतु एका नेत्यामागे तीसचाळीस माणसे निघतात, आणि धुके उतरले की रांगेचे डोके शेपटीस दिसत नाही. रांग तुटली, की मागच्या वीस जणांत नेता कोण? पुढच्याची पाठ दिसेनाशी झाल्याबरोबर ज्याचे ज्ञान संपते, त्याने डोंगर पाहिला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने एक पाठ पाहिली, इतकेच. पुन्हा, पैसे घेऊन माणसे डोंगरावर नेणाऱ्यांपैकी कित्येकांचे नेते स्वतःही त्या वाटेने एकदोनदाच गेलेले असतात. रस्ता पाठ असणे आणि वाट काढता येणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत; पहिली धुक्यात निरुपयोगी ठरते.

दुसरा आक्षेप: ठिकठिकाणी बाण रंगवावे, लोखंडी कठडे लावावे, म्हणजे कोणी चुकणारच नाही. हा उपाय रोगाहून वाईट. एका मंडळाने एका गडाकडे काढलेला बाण दुसऱ्यास भलत्याच सोंडेवर नेतो. पावसाळ्यात शेवाळाखाली तो दिसत नाही. आणि जेथे बाण संपतात तेथे बाणांवर पोसलेला माणूस आंधळा होतो. शिवाय ज्या कातळांवर आमच्या पूर्वजांनी पायऱ्या, टाकी व लेणी खोदली, त्यांवर पिवळा रंग फासण्यात कोणती इतिहासभक्ती आहे?

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. स्थानिक वाटाड्या असताना शहरी माणसाने हा खटाटोप का करावा, असे विचारले जाते. महादेव कोळी, ठाकर, धनगर यांच्या ज्ञानास आमचा प्रणाम असो. सह्याद्रीतील पुष्कळशा घाटवाटा त्यांच्या पायांनी मळल्या आणि त्यांच्या स्मृतीत टिकल्या. वाटाड्या घ्यावाच, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. परंतु त्यास घेऊनही डोळे मिटून चालणे हा त्याचा सन्मान नव्हे. ही सोंड सोडून त्या सोंडेने का, येथे पाणी कोठे, ही गुरांची वाट कोठे सुटते, असे प्रश्न त्यास कितीजण विचारतात? त्याचे ज्ञान जादू नाही, निरीक्षण आहे. ते विचारणाऱ्यास मिळते. खेड्यातली तरुण पिढी नोकरीसाठी शहरात उतरत आहे, गुरे रानात पूर्वीइतकी जात नाहीत, आणि न वापरलेल्या वाटा कारवीखाली बुजत आहेत. त्या जाणत्या म्हाताऱ्यांकडून वाट शिकून घेणारा कोणी निघाला नाही, तर तो ग्रंथ न वाचताच जळाला असे होईल.

चौथा आक्षेप नकाशे मिळत नाहीत हा. एके काळी तो खरा होता. ज्या देशात १८०२ साली महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ झाला, त्याच देशात किनाऱ्यालगतच्या विस्तृत पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य नागरिकास दुर्लभ होते, आणि आमचा बहुतेक सह्याद्री त्याच पट्ट्यात येतो. परंतु २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी नकाशामाला ठरविली, आणि २०१७ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य देण्यास आरंभ केला. सबब उरली नाही. आळस तेवढा उरला.

मग ही विद्या आहे तरी काय? ती गूढ नाही, महागही नाही. तिला एक नकाशा, एक साधे होकायंत्र, मनगटावरचे घड्याळ आणि उघडे डोळे एवढेच साहित्य लागते. पहिला पाठ समोच्च रेषांचा. एकाच उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा जेथे दाटीने येतात तेथे कडा, जेथे विरळ होतात तेथे पठार. त्यांचे टोक उताराकडे पुढे आले तर ती सोंड. चढाकडे आत घुसले तर ती घळ. सोंड आणि घळ यांतला हा भेद ओळखता येणे ही सह्याद्रीत जीवनमरणाची गोष्ट आहे. परदेशी पुस्तकांवरून आमच्याकडे एक उपदेश रूढ झाला आहे, की वाट चुकल्यास वाहत्या पाण्याच्या कडेने उतरावे, म्हणजे वस्ती लागते. सौम्य उताराच्या प्रदेशात हे शहाणपण असेल. आमच्याकडे घळ म्हणजे पाण्याची वाट. आणि पाण्यास कड्यावरून उडी घेता येते, माणसास येत नाही! नाळेने उतरणाऱ्या घाटवाटा आहेत खऱ्या, परंतु त्या पिढ्यानपिढ्या पारखलेल्या. चुकलेल्याने अनोळखी घळीत शिरणे म्हणजे सापळ्यात पाऊल टाकणे होय. त्याने चढून धारेवर यावे, किंवा आहे तेथेच थांबावे.

दुसरा उसना उपदेश सूर्याचा. दुपारी बारा वाजता सावली उत्तरेस पडते, असे मुलांस शिकविले जाते. ज्या देशांत हा नियम लिहिला गेला तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशांवर आहे; येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेस पडते. म्हणजे पावसाळी भटकंती ज्या दिवसांत भरास येते, त्यांतल्या कित्येक दिवशी हा नियम माणसास नेमका उलट दिशेस पाठवील. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची युक्तीही येथे तितकीच फसवी. ध्रुवतारा खरा, पण तो आमच्या क्षितिजावर अवघा साडेअठरा अंश वर, एखादी जवळची टेकडीही त्यास झाकील, आणि पावसाळ्यात तो दिसेलच याचा भरवसा नाही. उलट होकायंत्राच्या बाबतीत निसर्ग आम्हांस अनुकूल आहे. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत महाराष्ट्रात सध्या एक अंशाचाही फरक नाही. इतर देशांतील पांथस्थास जी बेरीज-वजाबाकी करावी लागते ती आम्हांस माफ आहे. मात्र आमच्या काळ्या कातळात चुंबकीय खनिज असते. म्हणून यंत्र खडकावर टेकवू नये, फोनपासून दूर धरावे, आणि चार पावले हलून पुन्हा पाहावे.

तिसरा पाठ वेळेचा. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला हिशेब आजही वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरांस एक तास, आणि सहाशे मीटरांच्या चढाईस आणखी एक तास. नकाशावर सहा किलोमीटर अंतर व सहाशे मीटर चढ दिसला, तर सव्वादोन तास धरावे. पावसात, ओझ्यासह व नवशिक्यांसंगे याहून पुष्कळ अधिक. हा हिशेब घरी केलेला माणूस दुपारी तीन वाजता शिखराच्या निम्म्यावर उभा असला, तर सेल्फी न काढता परत फिरतो. चौथा पाठ धुक्यातला. पठाराच्या पश्चिम काठावरून उतरणारी वाट एकाच ठिकाणी असेल, तर थेट तिच्यावर नेम धरू नये. नेम चुकला, तर काठावर पोहोचल्यावर वाट उजवीकडे राहिली की डावीकडे हे कळणार नाही. मुद्दाम थोडे उत्तरेस नेम धरावा. मग काठ नजरेस पडताच, त्यापासून सुरक्षित अंतर ठेवून, निःशंकपणे दक्षिणेस वळावे. इतकी साधी ही युक्ती. पण ती काचेवरच्या ठिपक्यामागे धावणाऱ्यास कधी सुचत नाही, कारण त्यास विचार करण्याचे प्रयोजनच उरत नाही. २०१७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी, माणसे स्वतः वाट शोधीत असता आणि नुसत्या सूचनांप्रमाणे वळत असता, त्यांच्या मेंदूतील व्यापार तपासले. स्वतः शोधणाऱ्यांच्या मेंदूतील स्थळस्मृतीचा भाग नव्या गल्ल्यांत शिरताना जागा होई. सूचना पाळणाऱ्यांचा तो निजलेलाच राही. वाटेवर असून वाटेचा अनुभवच नाही, अशी ही स्थिती!

कोणी म्हणेल, 'आमचा जीव, आमची हौस. तुम्हांस काय त्याचे?' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. चुकलेला माणूस एकटा चुकत नाही. त्याच्यासाठी गावकरी हातची आवणी टाकून रात्री बाहेर पडतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रांसारखी स्वयंसेवकांची पथके दोर खांद्यावर टाकून भर पावसात निसरड्या कड्यांवर उतरतात. त्यांसही घरदार आहे, मुलेबाळे आहेत. ज्या अज्ञानाची भरपाई दुसऱ्याने जीव धोक्यात घालून करावयाची, ते अज्ञान खासगी राहत नाही. तो सामाजिक अपराध होतो.

यास्तव आमचे मागणे स्पष्ट आहे. डोंगरावर माणसे नेणाऱ्या मंडळांनी प्रत्येक फेरीत आळीपाळीने नवशिक्याच्या हाती नकाशा द्यावा आणि फोन त्याच्या पिशवीत, बंद करून, अडीअडचणीसाठी ठेवावा. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात स्थलनिर्देशक नकाशावरची चिन्हे ओळखून गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी तोच नकाशा घेऊन जवळच्या टेकडीवर न्यावे. कागदावरची घळ आणि पायाखालची घळ एकच आहे, हे ज्याने पाहिले नाही त्याचे गुण उसने आहेत. आणि आईबापांनी मुलगा अगर मुलगी उंबरठा ओलांडीत असता 'चार्जर घेतलास का?' एवढेच न विचारता आणखी तीन प्रश्न विचारावे: नकाशा पाहिलास का? परतावयाची वेळ कोणती ठरविलीस? आणि ती वाट बंद झाली, तर दुसरी कोठून उतरते? तिन्ही प्रश्नांची उत्तरे आली, तर खुशाल डबा बांधून द्यावा. न आली, तर त्या रविवारी सिंहगडाच्या मळलेल्या वाटेने जाऊन यावयास सांगावे, आणि संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन मुलांबरोबर आपणही शिकावयास बसावे.